चाळिशीच्या आत



दुपारची भांडी आवरून, नाहीतर हातातलं काम चालू ठेवूनच तुम्ही ऐकत असाल. आम्हीही तुमच्यासारख्याच. आमच्या गटात कुणी दोन म्हशींचं दूध डेअरीला घालते, कुणी कोल्हापुरी चपलेच्या वेण्या घालते, कुणी शिलाई करते. एक जण यंत्रमागाच्या कांड्या भरून देते, एकीकडे हुपरीच्या चांदीचं काम घरी येतं. काम आहे, पण मालक कुणालाच नाही. मालक म्हणजे घरातले नव्हेत हं, पगार देणारा मालक!

मालक नसला की काय होतं, ते २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेच्या पुरानं दाखवलं. माग बंद, रस्ते बंद, दूध घरातच. हाताला काम नाही तर पैसाही नाही. कारखान्यात नोंद असलेल्या कामगाराचे पगारातून भविष्य निर्वाह निधीसाठी १२ टक्के कापतात आणि तेवढीच भर मालक घालतो. आजारपणाला राज्य कामगार विमा असतो. आपल्यासाठी ही दुसरी भर घालणार कोण? काम सुटलं तर भत्ता देणारा विमा आपल्याला नाही. पण म्हातारपणासाठी भर घालणारी एक योजना आहे, म्हणून आज तिचं बोलू.

तिचं नाव प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन. ती २०१९ साली सुरू झाली. वय १८ ते ४०, महिन्याचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत, आयकर भरत नाही आणि भविष्य निर्वाह निधी किंवा राज्य विमा लागू नाही, अशी बाई यात बसते. म्हणजे आपल्यातल्या बहुतेक जणी. अठराव्या वर्षी नाव घातलं तर महिन्याला ५५ रुपये, एकोणतिसाव्या वर्षी १००, चाळिसाव्या वर्षी २००. आपण जेवढे भरू तेवढेच सरकार भरतं. साठीनंतर महिन्याला ३ हजार रुपये पेन्शन.

जरा हिशेब करू. एकोणतिसाव्या वर्षी सुरू केलं तर साठीपर्यंत ३१ वर्षं, दर महिन्याला १०० रुपये. आपल्या खिशातून गेले ३७ हजार २००. पेन्शनचं पहिलं वर्ष संपून महिना-दीड महिना गेला की हे पैसे परत आलेले असतात. हेही खरं, की तेव्हाचे ३ हजार आजच्या ३ हजारांइतके भरणार नाहीत. पण गोळ्या-औषधाला सुनेपुढे हात पसरावा लागणार नाही, हेही थोडं नाही.

दुसरी अटल पेन्शन योजना, २०१५ सालची. वय तेच, १८ ते ४०. आयकर भरणाऱ्याला आता त्यात येता येत नाही. पेन्शन १ हजारापासून ५ हजारांपर्यंत, आपण निवडू ती. तिसाव्या वर्षी हजाराच्या पेन्शनला महिना ११६ रुपये, ५ हजारांच्या पेन्शनला ५७७. हप्ता जास्त, मग फायदा काय? श्रमयोगीत पेन्शन घेणारी गेली तर नवऱ्याला निम्मी पेन्शन मिळते, मुलांना काही नाही. अटलमध्ये नवऱ्याला पूर्ण पेन्शन, आणि दोघांच्या माघारी वारसाला रक्कम मिळते. हजाराच्या पेन्शनला १ लाख ७० हजार, ५ हजारांच्या पेन्शनला साडेआठ लाख. अटल बँकेत किंवा पोस्टात, श्रमयोगी सेवा केंद्रात. आधार कार्ड आणि पासबुक सोबत न्यायचं.

आता जे सांगायला आज बसलो ते. दोन्ही योजनांचं दार चाळिशीला बंद होतं, आणि वय कागदावरचं धरतात. आमच्या गटातल्या एका ताईंची गोष्ट सांगतो. आई सांगायची त्या हिशेबानं त्या एकोणचाळीसच्या. आधारवर मात्र तारीख १ जानेवारी आणि वय एक्केचाळीस. कार्ड काढताना कुणीतरी अंदाजानं लिहिलेलं. जन्माचा दाखला कुठंच नाही. फॉर्म तिथंच अडला. ताई म्हणाल्या, "दोन वर्षं तुम्ही सांगत होता, मी म्हणत होते पुढच्या महिन्यात बघू." आम्हाला ते वाक्य अजून बोचतं, कारण आम्हीही जोर लावला नव्हता.

म्हणून आधारवरची तारीख आजच बघा. चूक असेल आणि दाखला असेल, तर चाळिशीच्या आधीच दुरुस्त करून घ्या.

चाळिशी ओलांडलेल्यांनी हातपाय गाळू नका. जीवनज्योती विमा वयाच्या ५० पर्यंत घेता येतो, वर्षाला ४३६ रुपये. सुरक्षा विमा ७० पर्यंत, वर्षाला फक्त २० रुपये, तो अपघाताचा. दोन्हींत २ लाखांचं संरक्षण. पैसे मे अखेरीला खात्यातून कापले जातात, तेव्हा खात्यात निदान ४५६ रुपये ठेवा. आमच्या ताईंनी हे दोन्ही घेतले आणि पोस्टात महिन्याची आवर्त ठेवही सुरू केली. पेन्शन नाही, पण रिकाम्या हातांपेक्षा बरं.

आणि एक. हप्ता आपोआप कापला जातो म्हणून निर्धास्त राहू नका. खातं रिकामं असलं की हप्ता चुकतो आणि दंड चढतो. दुधाचं बिल जमा झालं, की हप्त्यापुरते पैसे हात न लावता ठेवायचे. आमच्या गटात बचतीच्या बैठकीत दर महिन्याला सगळ्यांची पासबुकं बघतो.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आधार आणि पासबुक घेऊन या. वय मोठ्यानं सांगायला लाजू नका. पस्तिशीच्या पुढच्या बायांची नावं आधी काढा आणि त्यांना हाताला धरून घेऊन जा.

येतो मैत्रिणींनो. राम राम.