विठाबाईंच्या मागें उभे असलेले

श्रोतेहो, जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसानें तमाशाविषयीं बोलावें, याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. परंतु साठी उलटल्यावर एक गोष्ट कबूल करावयास हरकत नसावी. तमाशाला जाणाऱ्या मुलांवर मी वर्गांत रागावत असें; आणि त्याच रात्रीं मफलरीनें तोंड झांकून मी स्वतः मागल्या रांगेंत बसलेला असें.

आमच्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत हा मोह टाळणें सोपें नव्हे. पुणें-नाशिक रस्त्यावरील नारायणगांवीं गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात व गांवोगांवचे पंच जत्रेची सुपारी देण्यास तेथें येतात. याच गांवच्या भाऊ-बापू मांग यांच्या फडांत विठाबाई वाढल्या. भाऊ त्यांचे वडील, बापू चुलते. १९५७ सालीं व पुन्हां १९९० सालीं विठाबाईंना राष्ट्रपतींचें पदक मिळालें. ऐन खेळांत बाळंत होऊन त्या पुन्हां बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. २००२ सालीं त्या वारल्या. आज त्यांच्या नांवानें राज्य शासन तमाशा-कलावंतांस पुरस्कार देतें. हें सर्व उचितच झालें.

तथापि आम्ही जुने शौकीन एकत्र जमलों, म्हणजे गोष्टी निघतात त्या एकट्या बाईंच्या नव्हेत. गणाआधीं ढोलकीवर पडलेली पहिली थाप, गवळणींतील मावशीचा ठसका, सोंगाड्याची हजरजबाबी, हें सर्व आम्हांस आठवतें. विशेषतः आठवतात ते मागें उभे असलेले सुरत्ये. बाईंनीं ओळ सोडली कीं हे शेवटचा सूर उचलीत आणि 'जी जी' म्हणत उंच धरून ठेवीत. तेवढ्यांत बाईंना श्वास घ्यावयास सांपडे. म्हणजे त्यांच्या दमावर बाईंचा विसावा! परंतु जाहिरातीवर नांव असे तें फडमालकाचें. सुरत्या हा सुरत्या आणि ढोलकीवाला हा ढोलकीवालाच राही.

याच संबंधांत एक आठवण मला अद्याप टोंचते. आमच्या गांवच्या जत्रेंत एका फडाचा हलगीवाला आजारी पडला, म्हणून गांवांतील एका मुलास उभें करण्यांत आलें. ढोलकीच्या प्रत्येक बोलाला त्यानें असें चोख उत्तर दिलें, कीं मी भान विसरून मोठ्यानें दाद दिली. खेळ पहांटे संपला. सकाळीं तोच मुलगा माझ्या वर्गांत डुलक्या घेऊं लागला, आणि मीं त्याला बांकावर उभें केलें! रात्रीं त्यानें मला पाहिलें होतें. तरी तो एक अक्षर बोलला नाहीं. मान खालीं घालून तासभर उभा राहिला. त्या दिवशीं शिक्षा कोणास व्हावयास हवी होती, हें मला तेव्हांच कळलें होतें. बोलण्याचें धैर्य मात्र झालें नाहीं.

श्रोतेहो, आपल्याही गांवांत कोणी वृद्ध ढोलकीवाला, तुणतुणेवाला किंवा सुरत्या असेल. त्याच्याकडे जा, त्याचें नांव विचारा आणि वहींत लिहून ठेवा. माझ्या त्या विद्यार्थ्याचें नांव हजेरीपटांत होतें, म्हणून निदान मला तरी तें ठाऊक आहे. फडाच्या कोणत्याही कागदावर तें नव्हतें.