जुन्या घरगुती चित्रफिती : आधी प्रत, मग संपादन



पंचकल्याणक पूजा, चातुर्मासाचा मंगल प्रवेश, दीक्षार्थीची मिरवणूक अशी कितीतरी दृश्ये हौशी कॅमेऱ्यांनी टिपली. त्यांतील बरीच आज कपाटांतील पत्र्याच्या डब्यांत पडून आहेत. ज्यांनी ती टिपली ते बहुतेक हयात नाहीत. ज्यांना त्यांतील चेहरे ओळखता येतात त्यांनी ऐंशी ओलांडली आहे.

कापडाला जसा पन्हा, तसा फिल्मलाही असतो. हौशी लोकांसाठी कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची आणि १९३२ मध्ये ८ मिलिमीटरची फिल्म आणली. या दुसऱ्या फिल्मची २५ फुटांची गुंडाळी मुळात १६ मिलिमीटर पन्ह्याचीच असे. एका कडेचे चित्रण झाले की ती उलटवून दुसरी कड वापरावयाची, आणि धुलाईनंतर मध्यावर उभी चिरून दोन्ही भाग जोडावयाचे. अशा ५० फुटांत चित्रण मिळे जेमतेम चार मिनिटांचे. १९६५ मध्ये सुपर एट आली. पन्हा तोच, पण कडेची छिद्रे लहान झाल्याने चित्र मोठे. एवढ्या तुटपुंज्या वेळात काय टिपावे हे आधी ठरवावे लागे. म्हणून ती चार मिनिटे नंतरच्या तीन तासांच्या व्हिडिओ कॅसेटहून अधिक मोलाची वाटतात.

जुनी ८ मिलिमीटरची फिल्म साधारणतः सेकंदाला १६ चौकटींच्या, तर सुपर एट १८ चौकटींच्या गतीने चाले. भारतातील व्हिडिओची गती २५ चौकटींची. स्कॅनिंग करणाऱ्याने हा फरक सांभाळला नाही, तर माणसे दीडपट वेगाने चालू लागतात. चार हात भूमी न्याहाळत ईर्यासमितीने पाऊल टाकणारे मुनिमहाराज पडद्यावर लगबगीने धावताना दिसतात आणि घरातील मुले हसतात. हा केवळ तांत्रिक दोष नव्हे, ती त्या चर्येची विटंबना आहे. काम देतानाच मूळ गती कोणती ठेवावी हे स्पष्ट विचारावे. प्रोजेक्टरने भिंतीवर चित्र पाडून ते कॅमेऱ्याने टिपण्याची पद्धत स्वस्त खरी. परंतु त्यात चित्र लुकलुकते. एकेक चौकट स्वतंत्रपणे घेणारा स्कॅनर बरा.

डबा उघडताच आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्मचे ॲसिटेट विघटित होऊ लागले आहे असे समजावे. अशी फिल्म आक्रसते, छिद्रे जुळत नाहीत. ती प्रोजेक्टरवर चढवू नये आणि इतर रिळांपासून दूर ठेवावी. फिल्मवरील थर जिलेटिनाचा, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून झालेला असतो. अहिंसाव्रतींच्या घरात ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसे. पावसाळ्यातील बुरशीला तोच थर खाद्य ठरतो. व्हिडिओ कॅसेटची अडचण निराळी : व्हीसीआर बनविणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबविले. चालू स्थितीतील यंत्र मिळते आहे तोवरच ते काम उरकावे.

प्रतीचे महत्त्व जैन समाजाला नव्याने सांगावयास नको. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवरील धवला टीकेच्या नकला व्हाव्यात म्हणून सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांनी पुढाकार घेतला. १८९६ मध्ये सुरू झालेले ते लेखन वर्षानुवर्षे चालले, आणि डॉ. हिरालाल जैन यांनी संपादिलेला पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला. आधी संपूर्ण नक्कल, नंतर संपादन, हाच क्रम तेथे होता.

आज मात्र उलट घडते. संगणकावर चित्रफीत येताच हललेली, अंधुक दृश्ये कापली जातात, वर संगीत चढविले जाते आणि तेवढेच जपले जाते. त्या कापलेल्या पाच सेकंदांतच भोजनशाळेत पोळ्या लाटणाऱ्या स्त्रिया असतात, मंडपाचा खांब धरून उभा असलेला एखादा मुनीम असतो. बोली बोलणाऱ्या यजमानांचे छायाचित्र अन्यत्र सापडेल; या मंडळींचे सापडणार नाही. एकही चौकट न वगळता केलेली प्रत दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी, एक घरी आणि एक दुसऱ्या गावच्या नातलगाकडे ठेवावी. मगच विवाहात दाखविण्याजोगी छोटी फीत खुशाल करावी.

यातील बहुतेक फिती मुक्या आहेत. तेव्हा आजी-आजोबांना पडद्यासमोर बसवावे, चित्र जागोजागी थांबवावे आणि ते जी नावे सांगतील ती मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी. मूळ रिळ प्रत झाल्यावरही टाकू नये. थंड, कोरड्या जागी ठेवावे, आणि साड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी तर मुळीच नको.