वाणाची दुरडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षाच्या उद्घाटनाला, २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर पटांगणात केलेले भाषण. बोलण्यातले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "बाई, पंचवीस वर्षांच्या आठवणी सांगा, पण दहा मिनिटांत आटपा." म्हणजे अडीच वर्षांना एक मिनिट! तेव्हा टँकरच्या, पार्किंगच्या आणि गच्चीच्या गळतीच्या आठवणी मी दुसऱ्या वक्त्यांसाठी ठेवते. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचंय. ती म्हणजे दारात ठेवलेली ती दुरडी.

रौप्यमहोत्सवाची भेट म्हणून प्रत्येक घराला स्टीलचा डबा द्यायचा, असं जवळजवळ ठरलं होतं. डबा ३१० रुपयांना पडत होता. महिला मंडळाने आग्रह धरला की, संक्रांतीचं वाण आणि रौप्यमहोत्सवाची भेट एकच करू, आणि ती बांबूची, हाताने विणलेली दुरडी असू दे. ती पडली ३५० रुपयांना. घरं चौसष्ट. म्हणजे २,५६० रुपये जास्त गेले. "डब्यावर नाव तरी कोरता आलं असतं," असं जिन्यात माझ्या कानावर आलंय. बरोबर आहे. पैसे सगळ्यांचे आहेत, तेव्हा हिशोब द्यायलाच पाहिजे. तो देते. पण त्याची सुरुवात माझ्याच चुकीपासून होते.

आठ वर्षांपूर्वी आपण पार्किंगमध्ये दिवाळीचा बाजार भरवला होता. जुन्या लोकांना आठवत असेल. पणत्या घेऊन कुंभारदादा आले होते. बचत गटाच्या बायका नाचणीचे पापड घेऊन आल्या होत्या. आणि जुन्नरकडून एक बुरूड मावशी आल्या होत्या, सुपं, रोवळ्या आणि दुरड्या घेऊन. कल्पना आपली चांगली होती. "आपल्या भागातल्या हातांना काम", असा फळासुद्धा मीच लिहिला होता, रंगीत खडूने.

आणि मग आपण काय केलं? प्रत्येकाकडून टेबलाचे दोनशे रुपये घेतले. दुपारपर्यंत "मोबाईलवर याहून स्वस्त मिळतं" हे वाक्य त्या मावशींनी किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. मी त्यांच्याकडून १२० रुपयांची दुरडी ८० ला घेतली. घासाघीस जमली म्हणून खूश होऊन जिना चढले. घरी सगळ्यांना दाखवलीसुद्धा.

संध्याकाळी उरलेला माल टेम्पोत चढवायला मी खाली गेले. सहज विचारलं, "मावशी, एका दुरडीला किती वेळ लागतो हो?"

त्या म्हणाल्या, "एक दिस जातो की, बाई. सकाळी कळक फाडायला बसलं, की दिवेलागणीला काठ बांधून होतो."

राग नव्हता त्यांच्या बोलण्यात. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, एवढंच. पण मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय. जिना चढता चढता डोक्यात हिशोब सुरू झाला. ऐंशीतून कळकाचे तीस गेले. टेम्पो आणि टेबल वेगळंच. म्हणजे एका बाईच्या अख्ख्या दिवसाचे मी पन्नास रुपयेसुद्धा दिले नव्हते. फळ्यावर "हातांना काम" लिहिणारी मीच.

पुढच्या वर्षी फोन केला, तर त्या आल्या नाहीत. म्हणाल्या, "पोरगा कंपनीत लागला. आता कळक कोण फाडणार? आन् परवडत न्हाई, बाई." त्यानंतर आपला बाजार बंदच पडला. पाऊस आहे, परीक्षा आहेत, अशी कारणं आपण देत राहिलो. खरं कारण हे होतं.

मंडळी, आपण आंबेगाव-जुन्नरची माणसं. शिवनेरी आपली, लेण्याद्री आपली, ओझर आपलं, म्हणून अभिमानाने सांगतो. पण त्याच जुन्नरच्या लेण्यांमधली एक गोष्ट आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. नाणेघाटातून कोकणात व्यापार चालायचा त्या काळातली, म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीची ही लेणी. तिथल्या एका ब्राह्मी शिलालेखात कारागिरांच्या संघांकडे पैसे ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्या संघांना तेव्हा श्रेणी म्हणायचे. आणि ही ठेव कुणाकडे? एक 'वसकार', म्हणजे बांबूचं काम करणारे. दुसरे 'कासाकार', म्हणजे काशाची भांडी करणारे.

म्हणजे आज आपण जसे बँकेत पैसे ठेवतो, तसे त्या काळी लोक बुरुडांच्या संघाकडे विश्वासाने ठेवत होते. लेणीच्या दगडात ते कोरून ठेवलंय. आणि दोन हजार वर्षांनी, त्याच जुन्नरच्या बुरूड मावशीशी मी चाळीस रुपयांसाठी वाद घातला.

दुसरी गोष्ट जुन्नरच्याच कागदाची. जुन्नरी कागद हे एके काळी मोठं नाव होतं. जुनी गोणपाटं, ताग यांचा लगदा करायचा, जाळीवर एकेक ताव उचलायचा, वाळवायचा, खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटायचा. मराठेशाहीतली दफ्तरं असल्या हातकागदावर लिहिली गेली. पेशव्यांच्या काळात पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा वसला, तोही जुन्नरकडून आलेल्या कागद्यांचा. मग गिरणीचा स्वस्त कागद आला आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. हा कागद वाईट झाला म्हणून बंद पडला नाही. घेणारा थांबला, म्हणून करणारा थांबला. पुढे १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात हातकागद संस्था निघाली, तेव्हा ही विद्या पुन्हा जोपासायला वेगळी संस्था काढावी लागली. जी गोष्ट घराघरात होती, ती टिकवण्यासाठी!

आता कुणी म्हणेल, "बाई, पन्नास रुपयांच्या प्लास्टिकच्या टोपलीत आमचं भागतं." अगदी खरंय. माझंही भागतं. माझ्याही घरात प्लास्टिकचे डबे आहेत. सगळं हाताचंच घ्या, असं मी म्हणत नाही. महिन्याच्या पगारात घर चालवणाऱ्याला ते परवडणार नाही. पण भेट द्यायची वेळ वर्षातून चार-पाचदाच येते. संक्रांतीचं वाण, दिवाळी, भाऊबीज, एखादं बारसं, एखादं लग्न. तेवढ्यापुरता तरी विचार करू.

आणि बांबूचं म्हणाल, तर तो आपल्याला सुटलाय कुठे? बाळ जन्मलं की सुपात ठेवतो. रुखवतात सूप-दुरडी मांडतो. लग्नात झाल घ्यायची वेळ आली की मांडवातून पोरगं पळत बाजारात जातं. आणि शेवटी तिरडीलाही बांबूच लागतो. लक्ष्मीपूजनाला केरसुणी हातानेच बांधलेली लागते, संक्रांतीला सुगडं चाकावरचीच लागतात. देवाच्या कामाला हाताचं आणि हळदीकुंकवाला मात्र घाऊक बाजारातला प्लास्टिकचा चमचा! गेल्या दहा वर्षांत मला मिळालेली वाणं मी मोजली. सत्तावीस प्लास्टिकच्या वस्तू निघाल्या. त्यातल्या चार वापरात आहेत.

म्हणून दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही चौघीजणी जुन्नरच्या आठवडे बाजाराला गेलो. मावशींचा पत्ता शोधला. घर सापडलं. काम अगदीच बंद नव्हतं. मुलगा कंपनीत जातो, पण सून विणायला शिकली होती. दोघी मिळून थोडी सुपं करून बाजारात विकत होत्या. मावशींनी मला ओळखलं. मी आधी मागच्या वेळचं बोलले, माफी मागितली. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. समदेच करत्यात." मला तेच जास्त लागलं.

किंमत आम्ही ठरवली नाही. विचारली. त्यांनी हिशोब करून ३५० सांगितली. कळक आणि वाहतूक काढली, तर दिवसाला अडीचशेच्या आसपास सुटतात. आपल्याकडे कांदालागवडीला गेलेल्या बाईलाही यापेक्षा जास्त रोज पडतो. म्हणजे आपण फार उदारपणा केला, असं कुणी समजू नये. निम्मे पैसे आगाऊ दिले, कारण कळक रोख घ्यावा लागतो. आणि तीन महिने दिले. पावसाळ्यानंतर तोडलेला बांबू चांगला टिकतो, त्याला भुंगा कमी लागतो, हेही तिथेच कळलं.

चौसष्ट दुरड्या सांगितल्या होत्या. अठ्ठावन्न आल्या. मध्यंतरी सुनेचं बोट कापलं, काम थांबलं. हाताचं काम आहे, असं होणारच. उरलेल्या सहा घरांची दुरडी होळीपर्यंत येईल. त्या सहा घरांत पहिलं घर माझं आहे, तेव्हा कुणी रुसू नये.

आता हाताच्या वस्तू घेताना दोन-चार गोष्टी, मी शिकले त्या सांगते. दुरडी उलटी करून बूड बघा. वीण घट्ट आणि सारखी हवी, काठाचा बांध हलता कामा नये. पणतीवर टिचकी मारा. चांगली भाजलेली असेल तर खणखणीत वाजते, बद्द आवाज आला तर ठेवून द्या. घोंगडी घ्यायची असेल तर लोकर थोडी टोचणारच. फारच मऊसूत असेल, तर ती मशीनवरची असू शकते. विकणाऱ्याला विचारा, "हे कुणी केलं?" ज्याने स्वतः केलंय, तो सांगताना थांबत नाही. आणि वस्तू चांगली नसेल तर घेऊ नका. कीव करून घेतलेली वस्तू माळ्यावर जाते, आणि कारागिराला वाटतं की हेच चालतं. त्यातही नुकसानच आहे.

कुठे घ्यायचं? रविवारी जुन्नर, सोमवारी बेल्हे. आपले बाजार अजून भरतात. डिसेंबरात पुण्याला भीमथडी जत्रा असते, तिथे बचत गटांचे स्टॉल असतात. पण जत्रेची वाट कशाला बघायची? जत्रा लांब, बाजार जवळ.

शेवटी कमिटीपुढे तीन मागण्या ठेवते. पहिली, यंदाच्या दिवाळीला पार्किंगमधला बाजार पुन्हा भरवू, पण कारागिरांकडून टेबलाचं भाडं घ्यायचं नाही. दुसरी, भाव पाटीवर लिहिलेला असेल आणि घासाघीस नाही. ज्याला परवडेल त्याने घ्यावं, नाही परवडलं तर नुसतं बघावं, त्यात कमीपणा नाही. तिसरी, सोसायटीच्या भेटी तीन महिने आधी सांगायच्या आणि निम्मे पैसे आगाऊ द्यायचे.

आणि एक काम आपल्या तरुण मुलांसाठी. केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून सुरू आहे. त्यातल्या अठरा व्यवसायांत टोपल्या, चटया, केरसुण्या करणारे आहेत, कुंभारही आहेत. प्रशिक्षण आहे, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आहे, पाच टक्क्यांनी कर्ज आहे. पण नोंदणी ऑनलाइन करावी लागते, आणि मावशींच्या घरी हे कुणाला माहीत नव्हतं. तुम्ही दिवसभर मोबाईल चालवता ना? एक रविवार त्यांच्यासाठी चालवा. मी बरोबर येते.

मावशींना आज इथे बोलावलं होतं. आल्या नाहीत, रविवारच्या बाजाराची सुपं व्हायची होती. पण निरोप पाठवलाय, तो सांगून थांबते. त्या म्हणाल्या, "बाई, त्यास्नी सांगा, दुरडी शोभेला ठेवू नका. भाकरी ठेवा तिच्यात. वापरली तर टिकती."

भिजली तर पुसून सावलीत वाळवा, एवढं मी माझ्याकडून जोडते.