शाळेची बातमी आणि तिचा शेजार

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळेच्या दिनक्रमात बातमीला ठरलेली जागा आहे. वर्ग सुरू होण्यापूर्वी सर्व मुले व्हरांड्यात किंवा मैदानात एकत्र येऊन जो सामुदायिक कार्यक्रम करतात त्याला परिपाठ म्हणतात, आणि त्यात राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका व प्रार्थना झाल्यावर सुविचार, दिनविशेष आणि बोधकथा यांच्या ओळीत 'आजच्या ठळक बातम्या' येतात. त्या वाचतो एखादा विद्यार्थीच. मात्र बहुतेक ठिकाणी तो वर्तमानपत्रातले किंवा शिक्षकांच्या मोबाइलवरचे चार मथळे वहीत उतरवून आणतो, खड्या आवाजात म्हणतो, आणि 'बातम्या संपल्या' असे सांगून रांगेत परत जातो. वाचनाचा सराव म्हणून याचे मोल कमी नाही. तरीही ज्या बातमीत ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही भर घालता येत नाही की चूक काढता येत नाही, ती बातमी आणि बोधकथा यांत मुलांच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही.

निफाड तालुक्यातील एखाद्या शाळेत लासलगाव बाजार समितीतील कांद्याचा भाव परिपाठात वाचला गेला, तर हे चित्र लगेच पालटते. आदल्या दिवशी ट्रॅक्टरवर बसून बाजार समितीत जाऊन आलेले पोर रांगेत असते, आणि सर्वाधिक म्हणून छापला जाणारा भाव मोजक्याच वाहनांना मिळतो, बाकीचा माल सरासरीने किंवा त्याहून खाली जातो, हे त्याने घरी ऐकलेले असते. ते पोर मध्येच बोलले तर परिपाठाची शिस्त मोडते खरी, पण बातमीचे शिक्षण त्याच क्षणी सुरू होते, कारण बातमी तपासता येते आणि ती तपासण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, या दोन्ही गोष्टी मुलाला एकदमच कळतात. प्रस्तुत व्याख्यानाचा विषय शाळेतील ही दुसऱ्या प्रकारची बातमी आहे: मुलांनी गोळा केलेली, आठवड्यातून एकदा फळ्यावर किंवा भित्तिपत्रकावर लिहिलेली, आणि जिच्यात ज्यांचा उल्लेख आहे त्यांच्यासमोरच वाचली जाणारी.

रोजच्या बातमीपेक्षा आठवड्याची बातमी या कामाला अधिक सोयीची असते, कारण वस्तीचे व्यवहार आठवड्याच्याच मापाने चालतात. आठवडे बाजाराचा वार हा गावोगावचा खरा मैलाचा दगड असून नाशिक शहर एवढे वाढले तरी गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार अजून भरतो. शाळेलाही सकाळच्या सत्रामुळे शनिवारचे निराळेपण पूर्वीपासून आहे. त्यातच 2024 मध्ये राज्य शासनाने पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आणला. बातमीचा फळा लिहायला याहून चांगला मुहूर्त शोधावा लागत नाही, फक्त तो वेळ आणखी एखाद्या स्पर्धेने व्यापला जाणार नाही एवढे पाहावे लागते.

मराठी शिक्षणाच्या इतिहासात शाळेतल्या अशा बातमीच्या जवळ जाणारे सर्वांत ठळक उदाहरण साने गुरुजींचे आहे. 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाल्यावर ते तेथील छात्रालयाचे काम पाहू लागले आणि मुलांसाठी स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहू लागले. पुढे 1928 मध्ये 'विद्यार्थी' हे छापील मासिक त्यांनी काढले. ज्या 'श्यामची आई'मुळे ते घरोघरी पोचले ते पुस्तक 1933 च्या फेब्रुवारीत, याच नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत लिहिले गेले हे नाशिककर अभिमानाने सांगतात. त्या पुस्तकाला आलेली बोलकी, समोर बसलेल्या मुलांना उद्देशलेली भाषा मात्र अमळनेरच्या हस्तलिखित पानांवर घडत गेली असावी, असे मानायला पुष्कळ जागा आहे. छात्रालय दैनिकाचे लेखक मात्र गुरुजी स्वतः होते आणि मुले वाचक होती, ही त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे.

ती मर्यादा ओलांडणारा प्रयोग वॉर्सा येथे यानुश कोरचाक या डॉक्टर-शिक्षकाने केला. क्रोखमाल्ना रस्त्यावर 1912 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या अनाथाश्रमात मुलांचे स्वतःचे न्यायालय होते, मुलांच्या उंचीला सहज दिसेल असा सूचनाफलक होता, आणि आश्रमाचे एक साप्ताहिक बातमीपत्र होते, जे सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाई. फलकावरचे सगळ्यांना वाचता येत नसले तरी तो हवाच, असे ते मानत, कारण ज्याला वाचता येत नाही तो दुसऱ्याला विचारतो आणि विचारता विचारता अक्षरे ओळखू लागतो. बातमीपत्राकडे ते एका आठवड्याला पुढच्या आठवड्याशी जोडणारा दुवा म्हणून पाहत. गेल्या शनिवारी जे भांडण, जी तक्रार किंवा जी मागणी वाचली गेली तिचे पुढे काय झाले, हे या शनिवारी सांगावेच लागते. 1926 च्या ऑक्टोबरात त्यांनी एका पोलिश-ज्यू दैनिकाची पुरवणी म्हणून 'मावी पशेग्लोंद', म्हणजे छोटे समालोचन, हे मुलांनी लिहिलेले साप्ताहिक सुरू केले आणि ते 1 सप्टेंबर 1939 पर्यंत, म्हणजे पोलंडवर जर्मन आक्रमण झाले त्या दिवसापर्यंत, दर शुक्रवारी निघत राहिले. 'पुढे काय झाले' हे सांगण्याचे बंधन हाच या सगळ्याचा गाभा होय, आणि शाळांची वार्षिक हस्तलिखिते कितीही देखणी असली तरी त्यांच्यात नेमके हेच बंधन नसते.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतील पाड्यांवर, असा फळा काय सांगू शकतो हे जवळून पाहण्याजोगे आहे. उन्हाळ्यात राब भाजणे, म्हणजे रोपे टाकायच्या जागेवर पालापाचोळा व शेण पसरून जाळणे; जुलैत आवणी, म्हणजे भाताची लावणी, आणि तीमुळे घरी राहिलेली मोठी मुले; नागली-वरईची कापणी; होळीनंतर कोणत्या गावी बोहाडा, म्हणजे देवदेवतांचे मुखवटे घालून रात्रभर नाचण्याचा उत्सव, बसला आहे; विहिरीला पाणी किती उरले; पोषण आहाराचा तांदूळ आला की नाही: ही तेथील आठवड्याची खरी बातमी. तिसरीतली मुलगी 'आवणीमुळे सहा मुले आली नाहीत' असे लिहिते तेव्हा हजेरीपटावरचा गैरहजेरीचा शेरा कारणासह उभा राहतो, आणि ते कारण वाचून दाखवताना ऐकायला येऊन भिंतीशी टेकलेल्या एखाद्या आजीला त्यात लपवण्यासारखे काही वाटत नाही. पुष्कळ मुलांच्या घरची बोली कोकणा असते. बातमी आधी बोलीत सांगून मग प्रमाण मराठीत लिहिली, तर पाठ्यपुस्तकातले वाक्य आणि घरातले वाक्य यांच्यातले अंतर मुलेच कापतात, शिक्षकाला वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.

वस्तीने शाळेत लक्ष घालावे याची कायदेशीर सोय आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असणे बंधनकारक आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे, ही कामे कायद्याने या समितीकडे सोपवली आहेत. परंतु बैठकीचे इतिवृत्त पालकाच्या हाती सहीपुरतेच येते. शाळेची माहिती प्रामुख्याने वरच्या दिशेने वाहते: केंद्रप्रमुखांकडे, पंचायत समितीकडे, जिल्हा परिषदेकडे, आणि अलीकडे छायाचित्राच्या रूपाने व्हॉट्सॲपच्या गटावर. वृक्षारोपणाचे छायाचित्र त्याच दुपारी तालुक्याला पोचते. रोप जगले का, हे विचारणारा मात्र त्या गटात कोणी नसतो, तो शाळेच्या कुंपणापलीकडे राहतो. माहिती मागणाऱ्या कार्यालयांना दोष देऊन भागणार नाही, त्यांची गरज खरी आहे. पण आडव्या दिशेने जाणारी बातमी, म्हणजे शाळेकडून शेजाऱ्याकडे, ही कोणाच्याच नमुन्यात बसत नाही म्हणून ती लिहिलीच जात नाही.

शाळा आणि वस्ती यांचे नाते किती घट्ट असते हे इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीच्या प्रकरणाने 2022 मध्ये दाखवून दिले. भाम धरणामुळे विस्थापित झालेल्या या वस्तीतील शाळा टिकण्याचा प्रश्न सुटेना, तेव्हा मुले शेळ्या-बकऱ्या घेऊन नाशिकच्या जिल्हा परिषदेवर आली आणि 'दप्तर घ्या, बकऱ्या द्या' अशी मागणी त्यांनी केली. घोषणा मोठ्यांच्या साहाय्याने घडली असेल, तरी तिच्यातला हिशेब मुलांच्या रोजच्या जगण्यातला होता: शाळा गेली तर उरते ते गुरे-शेळ्यांमागे जाणे. वीसपेक्षा कमी पटाच्या राज्यभरातील शाळा एकत्र आणून समूह शाळा करण्याचा विचार 2023 मध्ये पुढे आला, त्यावरील चर्चा खर्च, शिक्षकसंख्या आणि वाहतूक यांभोवतीच फिरली. अशा एखाद्या चौदा मुलांच्या शाळेबरोबर पाड्यावरची एकमेव सार्वजनिक लिहिती जागा जाते, हा मुद्दा तीत फारसा आला नाही.

दिवाळीनंतर पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवरची अनेक कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. बरोबर गेलेल्या मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून शिक्षण हमी कार्डाची व्यवस्था आहे, ज्यावरून मुलाला स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत बसता येते; कार्डाबरोबर मुलाची इयत्ता जाते, पाड्याची बातमी जात नाही. ती पाठवण्याची वाट मात्र जुनीच आहे. 1920 च्या दशकात सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच प्राथमिक शिक्षकाने वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणून मुलांचे मजकूर छापले आणि ते दूरच्या प्रांतातील शाळेला पाठवून तिचे मजकूर मागवले. डोंगरातल्या मुलांना समुद्रकाठच्या मुलांचे जगणे त्या पानांतून कळू लागले. सुरगाण्याची शाळा आणि निफाडची शाळा यांच्यात असा व्यवहार व्हायला मुद्रणयंत्र लागत नाही. शनिवारचा फळा उतरवून घेतलेले पन्नास पैशांचे पोस्टकार्ड बागेजवळच्या शाळेच्या पत्त्यावर टाकता येते, आणि तिकडे गेलेल्या मुलांनी छाटणी, डिपिंग (घड द्रावणात बुडवणे), मण्यांची विरळणी यांतले जे पाहिले ते उलट टपाली लिहून कळवता येते. दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांनी आपसांत ठरवले की पुरे, त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.