जाळ न दिसणारी शेगडी

झाशीहून बोलतेय. मागच्या भागानंतर तीन-चार जणींनी एकच प्रश्न विचारला. घरात दोन म्हातारी माणसं आहेत, मुलं पुण्याला नाहीतर बंगळुरूला, आणि मुलाने ऑनलाइन इंडक्शन शेगडी पाठवून दिली आहे. ती वापरायची की खोक्यातच ठेवायची? आज त्यावरच बोलू. मी बरीच वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, त्यामुळे थोडा तास घेतल्यासारखं होईल, तेवढं चालवून घ्या.

या शेगडीची काच स्वतः तापत नाही, ही पहिली गोष्ट. काचेखाली तांब्याच्या तारेचं चपटं वेटोळं असतं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. शेगडीतलं सर्किट ते प्रमाण वीस हजारांच्या वर नेतं. त्यामुळे वेटोळ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेगाने उलटसुलट होतं आणि वर ठेवलेल्या भांड्याच्या बुडातच वीज खेळायला लागते. फॅराडेने १८३१ मध्ये शोधून काढलं ते हेच. बुडात गोल फिरणाऱ्या या प्रवाहांना एडी करंट म्हणतात. ते भांड्याला तापवतात, आणि मग भांडं काचेला तापवतं.

झाशीकरांसाठी यात एक गंमत आहे. आपल्या इथे भेलच्या कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनतात. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा एकसंध ठोकळा नसतो, पातळ पत्र्यांची चळत असते, आणि प्रत्येक पत्र्यावर वीजरोधक थर असतो. कशासाठी? एडी करंटला फिरायला जागाच मिळू नये, वीज उष्णतेत वाया जाऊ नये म्हणून. तिकडे इंजिनिअर ज्याच्यामागे हात धुऊन लागतात, त्याच्यावर इकडे आपला भात शिजतो.

आता भांडी. फ्रिजवरचं एखादं मॅग्नेट काढा आणि घरातल्या प्रत्येक भांड्याच्या बुडाला लावून पाहा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल, नाही तर नाही. पितळ, तांबं आणि ॲल्युमिनियम साध्या घरगुती इंडक्शनवर चालत नाहीत. आपल्या इथल्या मराठी घरांत हे जरा बोचतं. नारो शंकरांच्या काळापासून, म्हणजे १७४२ पासून, माणसं इकडे येत राहिली, आणि ज्यांची घरं टिकली त्यांच्या माळ्यावर पितळी पातेली आणि परातीही टिकल्या. वरणाला पितळी पातेलं, कल्हई केलेलं, हा आमच्याकडेही शिरस्ता होता. ते पातेलं इंडक्शनवर ठेवलं तर शेगडी नुसती पी-पी करते आणि बंद होते.

स्टीलचंसुद्धा सगळंच चालत नाही. इथल्या एका दुकानदाराने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, "दीदी, स्टील है तो चलेगा ही." मी पर्समधून मॅग्नेट काढून त्याच्या चकचकीत पातेल्याला लावलं, ते घसरून खाली पडलं. स्टीलच्या काही जाती चुंबकाला चिकटत नाहीत, एवढी साधी गोष्ट आहे. तेव्हा खरेदीला जाताना मॅग्नेट बरोबर ठेवा. कुकर ॲल्युमिनियमचा असेल तर बुडाला चुंबकीय पत्रा बसवलेला आहे का, ते बघा. बूड सपाट हवं, गोल बुडाची कढई निरुपयोगी. बिडाचा तवा उत्तम चालतो, पण काचेवर घासत सरकवू नका आणि रिकामा ठेवून पूर्ण वॉटवर तापवू नका.

फोडणीची छोटी पळी हा आणखी एक घोळ. बूड दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा लहान असलं तर बऱ्याच शेगड्यांना भांडं ठेवलंय हेच कळत नाही. मी फोडणी लहान सपाट कढल्यात करते, ३००-४०० वॉटवर. गॅसच्या सवयीने तेल ठेवून कांदा चिरायला वळलात तर कांदा संपायच्या आत तेलातून धूर निघेल. इथे आधी सगळं चिरून घ्यायचं, मग बटण दाबायचं.

स्वस्त शेगड्यांमध्ये मंद आच म्हणजे खरी मंद आच नसते, हेही लक्षात घ्या. २०० वॉट दाखवतात, पण प्रत्यक्षात काही सेकंद जोरात चालू, काही सेकंद पूर्ण बंद, असं चालतं. खीर आटवताना हे जाणवतं. जाड बुडाचं भांडं घेतलं की तो चढउतार पोटात घेतो. फुलका ज्वाळेवर फुगवता येत नाही, तव्यावरच फडक्याने दाबून फुगवावा लागतो. वांग्याचं भरीत आणि भाजलेला पापड यांना गॅसच हवा. त्यात वाद घालू नये.

मग फायदा काय? झाशीत राहणाऱ्याला तो मे महिन्यात सांगावा लागत नाही. बाहेर ४५ अंश, आणि स्वयंपाकघरात पंखा बंद, कारण पंख्याने गॅस फडफडतो. गॅसच्या उष्णतेचा मोठा भाग भांड्याला चुकवून आजूबाजूला, म्हणजे आपल्या तोंडावर येतो. इंडक्शनवर सुमारे ८५ टक्के ऊर्जा भांड्यात जाते, आणि डोक्यावर पंखा चालू ठेवता येतो. माझ्या मते नुसत्या एवढ्यासाठीसुद्धा ही शेगडी घ्यावी. फक्त कूलरच्या तुषारांपासून ती लांब ठेवा.

पैशांचं सांगते. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट इतकी ऊर्जा असते. पण घरगुती गॅस शेगडीवर त्यातली साठ टक्क्यांच्या आसपासच भांड्यात उतरते. तेवढाच स्वयंपाक इंडक्शनवर करायला साधारण १३० युनिट लागतील. तुमच्या बिलावरचा शेवटच्या टप्प्याचा दर बघा आणि १३० ने गुणा. सहा रुपये दर असेल तर ७८०, सात असेल तर ९१०. ते सिलिंडरच्या भावाशी ताडून बघा. शेवटच्या टप्प्याचा दर का? कारण शेगडीचे युनिट आधीच्या वापराच्या वर पडतात. आणि एक लिटर पाणी उकळायला जेमतेम ०.१ युनिट लागतं, म्हणजे चहाचा हिशेब मांडत बसू नका.

१० ऑगस्ट २०२१ ला उज्ज्वला योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाला तो आपल्या शेजारच्या महोब्यापासून. बुंदेलखंडात अजून पुष्कळ घरांत लाकडं आणि गोवऱ्या जळतात, हे विसरून इंडक्शनचं कौतुक करू नये. त्यांच्यासाठी गॅसच मोठी सुटका आहे. मी बोलतेय ते ज्यांच्याकडे गॅस आधीच आहे त्यांच्यासाठी.

आता नीट ऐका, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टला जवळजवळ पावणेनऊ ॲम्पियर ओढते. दिव्या-पंख्याचं लहान सॉकेट सहा ॲम्पियरचं असतं. खंडेराव दरवाजाच्या आतल्या जुन्या घरांमध्ये मी बघितलंय, एकाच पातळ तारेवर दिवे, टीव्ही, कूलर, आणि त्याच बोर्डातून एक्स्टेन्शन काढून त्यावर शेगडी. शेगडी चालते, पण भिंतीच्या आत तार तापत राहते आणि ते दिसत नाही. वायरमन बोलवा. मीटरपासून वेगळी लाइन, तार किमान अडीच चौरस मिलिमीटर, १६ ॲम्पियरचं सॉकेट, योग्य एमसीबी आणि खरं अर्थिंग एवढं करून घ्या. दहा मिनिटं शेगडी चालवून प्लगला हात लावा. प्लग गरम लागला तर सॉकेट सैल आहे, त्या दिवशी गॅसवर करा.

बिलावर 'स्वीकृत भार' लिहिलेला असतो तोही वाचा. तो एक किलोवॉट असेल तर दोन किलोवॉटची शेगडी त्यात बसत नाही, भार वाढवून घ्यावा लागेल आणि स्थिर आकार वाढेल. तेही खर्चात धरा. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर ही शेगडी चालणार नाही. पारीछाचं वीज केंद्र पंचवीसेक किलोमीटरवर आहे म्हणून आपली वीज जात नाही असं थोडंच आहे! म्हणून गॅसचं कनेक्शन सोडू नका.

शेगडीच्या पोटात पंखा असतो, तो खालून हवा ओढतो. खाली वर्तमानपत्र किंवा प्लॅस्टिक अंथरू नका. स्वयंपाक झाला की लगेच सॉकेटवरून बंद करू नका, पंख्याची घरघर थांबू द्या. आणि महिन्यातून एकदा उलटी करून बघा. त्या उबेत झुरळं संसार थाटतात.

आता म्हाताऱ्या माणसांचं. माझ्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत. त्यांचा आक्षेप एकच होता, "जाळ दिसत नाही तर शिजतंय कशावरून?" मला तो आक्षेप रास्त वाटतो. त्यांनी सत्तर वर्षं आच डोळ्यांनी मोजली आहे. पण दोन वेळा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि तसाच चालू राहिला. त्या घरी एकट्या होत्या. तेव्हा प्रश्न असा झाला की त्यांनी स्वयंपाकघरात जायचंच थांबवायचं का? ते त्यांना मरणासारखं झालं असतं. हे तुमच्याकडेही होत असेल.

मी म्हटलं, "आई, चहा आणि दूध एवढंच यावर करा. वरण-भात मी गॅसवर करते." बटणांवरची इंग्रजी अक्षरं त्यांना दिसत नव्हती, म्हणून चालू-बंदच्या बटणाच्या बाजूला लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि दुधाच्या बटणाजवळ पांढरा. टायमर दहा मिनिटांवर. भांडं उचललं की शेगडी थोड्या वेळात आपोआप थांबते, हे त्यांनी स्वतः चार-पाचदा करून बघितलं. काच नंतर बराच वेळ गरम राहते, ते मात्र सांगायलाच हवं, कारण ती गार दिसते. घरात कोणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. चालू शेगडीपासून साधारण साठ सेंटिमीटर अंतर ठेवावं असं सांगितलं जातं, म्हणजे त्या व्यक्तीने वाकून ढवळायचं नाही.

गणेश मंदिरात, १८४२ मध्ये राणीसाहेबांचं लग्न लागलं त्याच मंदिरात, एका काकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "यावर केलेला नैवेद्य चालतो का गं? अग्नी तर नाही त्यात." शास्त्र मी सांगू शकत नाही, ते तुमच्या गुरुजींना विचारा. आमच्या घरी मात्र सासूबाईंनीच निकाल दिला. महालक्ष्म्यांच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, कढी, आणि गॅसला बर्नर दोनच. सकाळी सात वाजता त्या म्हणाल्या, "ती तुझी काचेची शेगडी आण इकडे, पुरणाची डाळ लाव तिच्यावर."