केकचा डबा आणि हातची चव

(मंडळाच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात, जुळे सोलापूर येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मंडळाने मला ‘वाहिन्यांवरील स्पर्धा आणि आपली मुले’ असा विषय दिला आहे. माझी मुलगी टीव्हीवरच्या केक स्पर्धेच्या निवड चाचणीला पुण्याला जाऊन आली, हे वसाहतीत सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळेच हा विषय माझ्या वाट्याला आला असावा. त्या प्रवासाची हकीगत मी सांगणारच आहे. पण आमच्यासारख्या घराने केकचा डबा घेऊन परीक्षकापुढे जाणे म्हणजे काय, हे कळायला थोडे मागे जावे लागेल.

केक, पाव, बिस्किट हे भट्टीतले पदार्थ. आज सकाळी पाववाल्याची हाक आली की आपण पिशवी घेऊन दारात जातो. परंतु याच महाराष्ट्रात पाव खाणे हे एके काळी मोठे धाडस होते. १८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. जात मानायची नाही, हा तिचा उद्देश. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खाऊन दाखवायचा, ही तिथली परीक्षा. पण हे सारे गुप्तपणे चाले. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभाच मोडली. शिकलेली, विचाराने पुढे गेलेली ही माणसे; पण पाव खाल्ला हे चारचौघांत सांगण्याची सोय त्यांना नव्हती.

दुसरे उदाहरण १८९० सालचे, पुण्याच्या पंचहौद मिशनमधले. तिथे शहरातल्या नामवंत मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. कोणी खाल्ली, कोणी नुसती पुढ्यात ठेवली. एवढ्यावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक अशांवर ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न शंकराचार्यांपर्यंत गेला. बिस्किट तेच, पीठ तेच, साखर तीच. प्रश्न एकच होता, हात कोणाचा?

हा प्रश्न जुना झाला असे समजू नका. २०१७ च्या सप्टेंबरात पुण्यातच एका शास्त्रज्ञ बाईंनी, स्वयंपाकाला आलेल्या स्त्रीने जात लपवली आणि आपले सोवळे मोडले, अशी पोलिसांत तक्रार केली. हवामानशास्त्र शिकलेल्या बाई या. पदवी हातात आली म्हणजे मन धुऊन निघतेच असे नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता या पार्श्वभूमीवर टीव्हीवरची पाकस्पर्धा पाहा. अनोळखी माणसाने शिजवलेले, भाजलेले परीक्षक सर्वांसमक्ष चाखतो आणि गुण देतो. २०१० साली इंग्लंडमध्ये बीबीसीवर ‘ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ ही हौशी लोकांची स्पर्धा सुरू झाली. मोठा तंबू, त्यात ओळीने मांडलेल्या भट्ट्या, आणि प्रत्येक भागात तीन परीक्षा: एक आपल्या सरावाचा पदार्थ, एक ऐनवेळी अपुरी कृती हाती देऊन करवून घेतलेला, आणि एक डोळे दिपवणारा. २०१५ साली ती नादिया हुसेन यांनी जिंकली. आईवडील बांगलादेशातून आलेले, डोक्यावर हिजाब, तीन मुलांची आई. पुढच्याच वर्षी राणी एलिझाबेथच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक त्यांनी केला. २०१८ साली जिंकले राहुल मंडल, बंगालमधून तिकडे गेलेले संशोधक.

आपल्याकडे ‘मास्टरशेफ इंडिया’ २०१० सालीच आले आणि पहिल्या विजेत्या पंकज भदौरिया या लखनौच्या शिक्षिका होत्या. अर्थात आपल्याकडचे पडदेही आपल्यासारखेच. २०१५ सालचा त्याचा चौथा हंगाम पूर्ण शाकाहारी ठेवला होता. कोणी काय खावे यावर आमचे म्हणणे नाही. पण कोणाचे ताट पडद्यावर येते आणि कोणाचे येत नाही, हेही पाहायला शिकले पाहिजे. उस्मानाबादकडचे शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात आपल्या लोकांचे जे ताट मांडले आहे, ते कोणत्या पाकस्पर्धेत दिसते? विद्यार्थ्यांनी ते पुस्तक जरूर वाचावे.

आता आमची हकीगत. मुलगी बी.एस्सी.ला आहे. केक ती घरीच शिकली. आमच्या लहानपणी दिवाळीआधी रवा, मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाईचे पत्रे भाजून आणायचे, एवढाच भट्टीशी संबंध. तिने मात्र दोन वर्षांत वसाहतीतले वाढदिवस सांभाळले. गेल्या वर्षी एका वाहिनीच्या स्पर्धेसाठी तिने अर्ज केला आणि पुण्याचे बोलावणे आले.

कोणता केक न्यायचा यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. तिने ठरवले ज्वारीचा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती आपली ज्वारी. पण ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून तर भाकरीला आपण गरम पाणी घालतो. नुसत्या ज्वारीचा केक सुटतो, भुगा होतो. माझ्या सासूबाईंनी सांगितले, “थोड्या पिठाची उकड काढ.” मुलीने तसे केले, निम्मे गव्हाचे पीठ घेतले, अंडी चांगली फेटून हवा भरली, गूळ आणि शेंगदाण्याचा कूट घातला. सहा वेळा बिघडला, सातव्या वेळी जमला. वर क्रीम लावले नाही. सोलापूरच्या उन्हात ते पुण्यापर्यंत टिकले नसते.

अर्ज भरताना नात्यातल्या एकीने सुचवले, “आडनाव तेवढे वेगळे लिही, गावावरून लिही. कशाला उगीच?” त्यांचा हेतू वाईट नव्हता. भाड्याने घर शोधताना त्यांनी काय सोसले ते मला माहीत आहे. पण मुलीने शाळेच्या दाखल्यावरचे नाव जसेच्या तसे लिहिले. म्हणाली, “केक माझा आहे, तर नावही माझेच पाहिजे.”

सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने आम्ही निघालो. हे, मी, मुलगी आणि हट्टाने बरोबर आलेल्या सासूबाई. डबा मांडीवर. कुर्डुवाडीला गर्दी वाढली तेव्हा ह्यांनी उभे राहून डब्याला जागा करून दिली. पुण्यात मोठी रांग. घरच्यांना आत प्रवेश नव्हता. आम्ही झाडाखाली चार तास बसलो. मुलगी बाहेर आली आणि मान हलवून म्हणाली, “नाही झाली निवड. चव आवडली, पण दिसायला साधा आहे म्हणाले.”

माझ्या मनात निराशा दाटून आली. सासूबाईंनी मात्र निराळेच विचारले, “खाल्ला का त्यांनी?” मुलगी म्हणाली, “हो आजी, दोघांनीही खाल्ला. एकांनी दुसऱ्यांदा घेतला.” त्यावर सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या लहानपणी गावात त्यांना पाणी वरून ओतून मिळायचे, ओंजळीत. त्यांच्या हातचे कोणी काही घेत नसे. मुलीला निकाल महत्त्वाचा होता आणि तो तसा असावाच. सासूबाईंचा निकाल वेगळ्या परीक्षेचा होता.

म्हणून काय, टीव्हीवर केक चाखला आणि जात गेली? तसे नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिप्रथेचे निर्मूलन’मध्ये बजावले आहे की केवळ सहभोजनाने जात मोडत नाही, तिचे मूळ शास्त्रप्रामाण्यात आहे आणि घाव तिथे घालायला हवा. परंतु हातात कौशल्य आणि नाव उघडे, या दोन गोष्टी बरोबर घेऊन जाणे ही त्या दिशेची आपली तयारी आहे. तथागतांचे शेवटचे भोजन चुंद लोहाराच्या घरी झाले आणि त्या भोजनानंतर आजार बळावला, तरी चुंदाला कोणी दोष देऊ नये, असे त्यांनी आनंदाला सांगून ठेवले. करणाऱ्याच्या हाताचा असा मान राखणारी परंपरा आपली आहे.

विद्यार्थ्यांना चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते. स्पर्धेची नियमावली आणि करारपत्र मोठ्यांसह पूर्ण वाचा, मगच सही करा. निवड करून देतो म्हणून पैसे मागणारा फोन आला तर फोन बंद करा. परीक्षा बुडवून जाऊ नका. आणि परीक्षक जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा. आमच्या मुलीने ‘दिसायला साधा’ हे लिहून घेतले आणि आता ती सजावट शिकते आहे.

मंडळाला एक विनंती आहे. आपल्या सभागृहामागची खोली रिकामी असते. तिथे सर्वांसाठी एक चांगली विजेची भट्टी घेतली, तर दहा-बारा मुली आणि मुलेही शिकतील. मुलेही, हे मुद्दाम म्हणते. वर्गणीची सुरुवात म्हणून माझ्याकडून एक हजार रुपये मी आजच कोषाध्यक्षांकडे देत आहे.

 मागच्या टेबलावर ज्वारीचा केक ठेवला आहे. दिसायला साधाच आहे. सर्वांनी घ्यावा.

जय भीम, जय भारत.