कापूस वेचणारीचं चित्र



हे चित्र नीट पाहा. हिंगणघाटकडच्या वावरात कापूस वेचणारी बाई. आपल्याच एका पोरानं धुऱ्यावर बसून पाच मिनिटांत पेन्सिलीनं काढलंय. तोंड धड दिसत नाही. पण वाकलेली पाठ, कमरेची ओटी, बोंडावरची बोटं अगदी खरी आहेत. ती थांबली नाही. मजुरी किलोवर मिळते, थांबून परवडत नाही. म्हणून रेघही घाईत आहे.

१९३६ साली गांधी याच जिल्ह्यात शेगावला राहायला आले, पुढं त्याचं सेवाग्राम झालं. चरख्यावरच्या गांधींची चित्रं घरोघर गेली. चरख्याचा कापूस वेचणारीचं चित्र किती जणांनी काढलं?

प्रस्थापित म्हणतील, हे कच्चं आहे. म्हणू द्या. पोज देऊन बसायला हिला वेळ कुणी दिला होता?